पूजलेल्या यंत्रातली चोरी

१

"यापुढे शिक्षणाचा इतिहास दोनच भागांत सांगितला जाईल. टॅबच्या आधीचा आणि टॅबच्या नंतरचा!"

डॉ. गुरुपादप्पा मेणसिनकाई यांनी उजवा हात उंचावून हे वाक्य उच्चारलं आणि ते पहिल्या रांगेच्या पलीकडे कुणालाही ऐकू गेलं नाही. माईक बंद होता. डॉक्टर हे धारवाडच्या शैक्षणिक तंत्रज्ञान संशोधन केंद्राचे संचालक. त्यांनी माईकला टिचक्या मारल्या, फुंकर घातली, मग नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. शेवटी नीलगंगा तळवार ही त्यांची संशोधक विद्यार्थिनी उठली आणि खालचं बटण दाबून आली. तोवर इतिहासाचे दोन्ही भाग संपले होते आणि चहा आला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची दुपार होती. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. अशा कार्यक्रमांना मी नियमानं जातो, कारण प्रसादाचे पेढे चांगले असतात.

भाषणानंतर पूजा झाली. केंद्रातलं एकेक यंत्र पुसून त्यावर विभूतीचे पट्टे ओढले, बटणावर कुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. दारात कोहळा फोडला. एकदा अशी पूजा झाली की दसरा उलटून कचेरी उघडेपर्यंत यंत्राला कुणी हात लावत नाही. एरवी ज्या यंत्रांना लोक थपडा मारतात, त्यांना त्या दिवशी वाकून नमस्कार करतात.

प्रा. विरूपाक्ष हिरेगौडर तेवढे दाराबाहेर उभे होते. ते केंद्रातलेच प्राध्यापक आणि विवेकवादी. पेढे खायला मात्र आत आले. पेढ्यात त्यांना अजून अंधश्रद्धा सापडलेली नाही.

दसरा झाला. सोमवारी शिपायानं कुलूप काढलं आणि सगळ्यांच्या आधी नीलगंगा आत गेली. आपल्या यंत्रावरची फुलं तिनं उतरवली, बटणावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि बटण दाबलं.

मुलांचे आवाज गेले होते. सगळेच्या सगळे.

२

हे आवाज म्हणजे नीलगंगेचं सगळं संशोधन. सरकारनं खेड्यापाड्यांतल्या शाळांना टॅब वाटले होते. ते वापरल्यानं मुलं जास्त शिकतात का, हे शोधायचं काम केंद्राला मिळालं. बाकीच्यांनी ते खुर्चीत बसून केलं, कारण टॅबवाल्या कंपनीकडून आकडे आपोआप येत होते. प्रत्येक शाळेत टॅब रोज चालू, शिक्षण वाढलं, जय कर्नाटक. नीलगंगा मात्र बसनं गावोगाव गेली, पोरांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्यांना विचारलं, "टॅबचं काय करता रे?"

पोरांनी जे सांगितलं ते तिनं ध्वनिमुद्रित केलं. मुलांचे आवाज भलत्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून ते एकाच यंत्रात ठेवायचे, त्याला इंटरनेट जोडायचं नाही, प्रत काढायची नाही, असा केंद्राचा नियम होता. नियम तिनं पाळला. आमच्याकडे नियम पाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो, त्यामुळे तो लगेच सापडतो.

"तळवार, हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे," मेणसिनकाई म्हणाले. "पुरावा नाही तर प्रबंध नाही. तुमची नोंदणी रद्द करावी लागेल. परवा शिक्षण खात्याचे सचिवसाहेब येताहेत. अहवाल कंपनीच्या आकड्यांवरच जाईल."

"सर, चोरी झालीय."

"चोर काय पोरांची बडबड चोरेल? पंखे आहेत की इथं!"

नीलगंगा तिथून थेट शिवलीला हंपिहोळी यांच्या घरी आली. या बाई आयुष्यभर शाळातपासनीस होत्या. त्यांची जीप गावाच्या वेशीत दिसली की मास्तर लोक आपले हजेरीपट आणि सदरे दोन्ही नीट करत. धारवाडात बाई शिकवणारी असो की तपासणारी, तिला अक्कोरू म्हणतात. या तर सगळ्या जिल्ह्याच्या अक्कोरू. मी त्यांचा शेजारी. तेव्हा मी तिथं पोहे खात होतो.

"रडायला आलीयस की भांडायला?" अक्कोरूंनी विचारलं.

"भांडायला."

"मग बस. रडायला आली असतीस तर पाणी दिलं असतं. आता चहा करते."

चहा होईस्तोवर नीलगंगेनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "अक्कोरू, माझं राहू द्या. एक पोरगी बोलायलाच तयार नव्हती. मी तिला शब्द दिला होता, तुझं बोलणं वरपर्यंत नेईन म्हणून. आता मी तिच्या गावावरून बसनं जाताना तोंड कुठं लपवू?"

अक्कोरूंनी गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

"त्या खोलीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"संचालकांकडे. शिपाई त्यांच्याकडूनच घेतो आणि परत देतो. एक हिरेगौडर सरांकडे. आणि एक," ती अडखळली, "कंपनीच्या माणसाकडे."

"काय?" अक्कोरू उभ्या राहिल्या. "ज्याची परीक्षा चाललीय त्याच्याकडे पेपरच्या खोलीची किल्ली? चला री, ग्रंथपाल. पोहे नंतर गिळा." धारवाडात 'री' म्हणजे अहो.

३

कंपनीचा माणूस म्हणजे सुकेश कोट्यान. मंगळूरकडचा, तरुण, गळ्यात फोटोचं कार्ड आणि चेहऱ्यावर त्या फोटोतलंच हसू.

"या मॅडम, बसा मॅडम."

"अक्कोरू म्हण. मॅडम म्हटलं की मला कुणीतरी काहीतरी विकतंय असं वाटतं."

"आमचं विकून झालंय, अक्कोरू," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"शाळेत टॅब वापरतात हे तुला इथं बसून कसं कळतं?"

"हिरवा दिवा दिसतो. हिरवा म्हणजे वापर उत्तम."

"म्हणजे पोरगं शिकलं?"

"म्हणजे टॅब चालू आहे."

"माझ्या घरचा फ्रिजसुद्धा चालू असतो रे. तो कितवीत आहे?"

कोट्यानच्या हसण्याचं कार्ड जरा वाकडं झालं. दसऱ्याला कुठं होतास, असं विचारल्यावर म्हणाला, "सुट्टी लागली तसा गावी गेलो, वाघाच्या सोंगांचा नाच बघायला. पण परतलो लवकर. कंत्राट नवं व्हायचंय ना, डोक्याला ताप आहे."

म्हणजे त्याच्याकडे किल्ली होती, कारण होतं आणि तो धारवाडातही होता.

हिरेगौडर आपल्या खोलीत होते. मागं भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'तपासल्याशिवाय मानू नका' असं लिहिलेलं.

"यंत्राला कुंकू लावणारी माणसं तंत्रज्ञानावर संशोधन करणार!" ते हसले. "अक्कोरू, फाइली यंत्र बिघडूनही जातात. पोरीनं ओल्या फडक्यानं पुसलं म्हणे. पाणी आत गेलं असेल. तुमची देवी पावली."

"तुमचा एक निबंध छापून आलाय ना, टॅबमुळे प्रगती झाल्याचा?"

"परदेशात छापून आलाय."

"त्यातले आकडे कुठले?"

"कंपनीचे. पूर्णपणे वस्तुनिष्ठ."

"शाळा किती बघितल्यात?"

"शाळेत जाऊन माणूस भावनिक होतो," हिरेगौडर म्हणाले. "मी लांबून बघतो."

त्यांची बढतीही त्याच निबंधावर अडकली होती, हे मी अक्कोरूंना जिन्यात सांगितलं. ग्रंथपालाला असल्या गोष्टी पुस्तकांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

मेणसिनकाईंनी तर आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. "दसऱ्याला मी धारवाडातच होतो. किल्ली माझ्या खिशात होती. मग? मी चोर? या केंद्राची उभारणी मी केलीय! माझं नाव कुलगुरुपदासाठी चर्चेत आहे!"

"कोण करतंय चर्चा?"

"मीच करतोय सध्या," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना जरा उशिरा कळलं.

बाहेर आल्यावर अक्कोरू संतापानं लाल झाल्या होत्या. "तिघांनाही ते आवाज नको होते. एकाला कंत्राट जाईल म्हणून, दुसऱ्याला बढती जाईल म्हणून, तिसऱ्याला खुर्ची. पोरं काय म्हणाली, हे एकानं तरी विचारलं का री?"

कुणीच विचारलं नव्हतं.

४

नीलगंगेच्या यंत्राची खोली अक्कोरूंनी वर्गाची तपासणी करावी तशी बघितली. कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बुट्टीवर गेली. पूजेची फुलं कचऱ्यात टाकत नाहीत, नदीकडे जाणारा कुणी भेटेस्तोवर ती तशीच ठेवतात. धारवाडहून नदी लांब असल्यामुळे बुट्ट्या भरलेल्याच असतात.

अक्कोरूंनी ती वर्तमानपत्रावर उपडी केली. सुकलेला झेंडू, विभूतीची धूळ, आणि बारीक पानांची एक काटेरी डहाळी.

"ही कुठली?"

"माझ्या यंत्रावरची," नीलगंगा म्हणाली. "झेंडूच्या खाली होती. कुणीतरी भक्तीनं ठेवली असेल."

"बाकीच्या यंत्रांवर होती?"

"नाही."

"नीट बघ, तंगी," अक्कोरू म्हणाल्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "कशाची आहे?"

नीलगंगेनं डहाळी हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. "अक्कोरू, ही तर बन्नी."

बन्नी म्हणजे शमी. दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही ती तोडतो आणि सोनं म्हणून एकमेकांच्या हातात देतो. 'बन्नी घ्या, सोन्यासारखे राहूया' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पितळेसारखे राहतो. पण दसऱ्याच्या आधी तिला कुणी हात लावत नाही.

"पूजा नवमीच्या आधी झाली," अक्कोरू सावकाश म्हणाल्या. "तेव्हा बन्नी कुणाच्या हातात नव्हती. सोमवारी सगळ्यांच्या आधी तूच आत आलीस, तेव्हा ती फुलांखाली होती. म्हणजे मधल्या सुट्टीत कुणीतरी इथं आलं. त्यानं फुलं उतरवली, यंत्र उघडलं, चोरी केली. मग पुन्हा कुंकू लावलं, फुलं वाहिली आणि जाताना यंत्राला सोनं देऊन गेला."

"चोर? आणि सोनं?" मी म्हणालो.

"घाबरला होता. यंत्राची पूजा मोडली ना त्यानं."

तेवढ्यात कोट्यान दारात आला. वर्तमानपत्रावरचा पसारा बघून म्हणाला, "हा काटेरी कचरा कुणी आणला? बोट फाटेल कुणाचं तरी." आणि त्यानं चटकन बन्नी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

नीलगंगेच्या तोंडून "अय्यो!" निघालं. अक्कोरूंनी डहाळी काढून पदराला पुसली.

"जा बाबा. तू सुटलास."

"कशातून?"

"तुमच्याकडे दसऱ्याला वाघ नाचतात. त्यातच राहा."

उरले दोघं. दोघंही अस्सल धारवाडी.

५

मेणसिनकाई आले ते घड्याळ बघतच. अक्कोरू अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, एक उपकार करा. हे यंत्र तेवढं चालू करा. आम्हा म्हाताऱ्यांना जमत नाही."

"तळवार करतील."

"तिच्यावर आळ आहे. तिनं हात लावायला नको. तुम्ही प्रमुख."

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. यंत्राची पेटी टेबलाखाली त्यांच्या गुडघ्याला लागून होती, तिला त्यांनी पायानं बाजूला सारली. मग माउस उचलला आणि दूरदर्शन लावावं तसा पडद्याकडे रोखून दाबला.

"बिघडलंय!" डॉक्टर ओरडले. "बघा! हेही यांनीच बिघडवलंय!"

नीलगंगा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. चोरीनंतर पहिल्यांदाच ती हसत होती.

"डॉक्टर," अक्कोरू म्हणाल्या, "तुम्ही निर्दोष आहात. याहून वाईट मी तुमच्याबद्दल काही सिद्ध करू शकले नसते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ज्याला यंत्र उघडता येत नाही, त्याला त्यातलं चोरताही येत नाही. तंत्रज्ञान केंद्राचे संचालक तुम्ही! खेड्यातल्या पोरांनी टॅबवर शिकायचं, आणि तुम्ही? बसा तिथंच. हिरेगौडरांना बोलवा."

६

हिरेगौडरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टाळी वाजवली.

"छान! फक्त एक भोक आहे, अक्कोरू. मी देव मानत नाही. तुमच्या चोरानं बन्नी ठेवली. म्हणजे तो श्रद्धाळू. म्हणजे मी नव्हे."

खरंच होतं. मी अक्कोरूंकडे बघितलं.

"श्रद्धाळू?" अक्कोरू म्हणाल्या. "खरा श्रद्धाळू पूजलेलं यंत्र उघडणारच नाही. सोमवारपर्यंत थांबेल. खरा नास्तिक उघडेल, काम करेल आणि फुलं तशीच फेकून जाईल. त्याला कुंकवाचं काय? हे काम तिसऱ्याच माणसाचं आहे. उघडताना ज्याचा विश्वास नव्हता आणि बंद करताना बसला. व्याख्यानात नास्तिक आणि एकटा असला की आस्तिक."

"हा तर्क झाला. पुरावा नव्हे."

"बरोबर. तपासल्याशिवाय मानू नका." अक्कोरूंनी बन्नीची डहाळी फरशीवर ठेवली, त्यांच्या बुटांच्या अगदी पुढे. "झाडाचा तुकडा आहे. यावर पाय द्या आणि जा. मी या पोरीला घेऊन तुमची जाहीर माफी मागेन."

हिरेगौडर हसले. त्यांनी उजवा पाय उचलला.

पाय हवेत राहिला. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण आता ते कुणाचं तरी उसनं आणल्यासारखं दिसत होतं. मग पाय मागं गेला आणि हळूच, डहाळीपासून लांब, खाली टेकला.

"आमची आई," ते पुटपुटले. "घरी कुणी बन्नी ओलांडली तरी आई जेवत नसे."

"आवाज कुठं आहेत?" नीलगंगेनं विचारलं. तिचा स्वर इतका बारीक होता की मला भीती वाटली.

"पेन ड्राइव्हमध्ये. घरी."

"कुठं?"

हिरेगौडरांनी दाराकडे बघितलं.

"सर, कुठं?"

"देव्हाऱ्यात." त्यांनी मान खाली घातली. "यंत्रातून पुसले. पण दसऱ्याचा दिवस, विद्या ती. सगळीच कशी पुसून टाकायची? पाप लागतं. सरस्वतीच्या मागं ठेवलेत."

"ऐकलेत?"

"काय?"

"पोरांचे आवाज. ऐकलेत का तुम्ही?"

"नाही."

नीलगंगा पुढं आली. "यंत्राला घाबरलात. फुलांना घाबरलात. सरस्वतीच्या मागं जागा केलीत. आणि माझी नोंदणी रद्द होत होती तेव्हा आपल्या खोलीत बसून अक्कोरूंना म्हणालात, पोरीनं ओल्या फडक्यानं पुसलं म्हणे! यंत्राला सोनं दिलंत, सर. मला काय दिलंत?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. ती आधीच दार उघडून उभी होती, त्यांच्या घरी जायला.

डॉक्टर मात्र सावरले होते. "हे प्रकरण आपल्यातच मिटवू. केंद्राची अब्रू आहे. पेन ड्राइव्ह माझ्याकडे द्या, योग्य वेळी—"

"परवा सचिवांसमोर ही पोरगी आवाज ऐकवेल," अक्कोरू म्हणाल्या. "ज्यांच्या आईबापांची परवानगी आहे तेवढे, नावं-गावं काढून. तुम्ही तिची ओळख करून द्याल. चांगली ओळख करून द्याल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी सगळ्यांसमोर उभी राहीन आणि म्हणेन, डॉक्टरसाहेब, तेवढं यंत्र चालू करा."

डॉक्टरांनी नीलगंगेची ओळख फार सुंदर करून दिली.

७

हिरेगौडरांसाठी चौकशी समिती बसली. ती अजून बसलेलीच आहे. कोट्यानचं कंत्राट मात्र सचिव आले त्या दिवशी सभागृहातच गेलं, आणि ते जाताना मी बघितलं.

सचिव पहिल्या रांगेत होते. नीलगंगेनं भाषण केलं नाही. तिनं फक्त स्पीकर लावला.

"रोज सकाळी सर सगळे टॅब व्हरांड्यात मांडतात आणि चालू करून ठेवतात. आम्ही कावळे हाकतो." हा एका मुलाचा आवाज.

"फोटो काढताना माझ्या हातात दिला होता. मग काढून घेतला. काच पुसून ठेव म्हणाले."

"हात लावू नको, तुझ्या बापाला विकलं तरी भरून येणार नाही, असं म्हणाले. बाप घरी विचारत होता, शाळेत काय शिकवलं. मी हेच सांगितलं."

एक शिक्षिका म्हणाल्या होत्या, "दिवा हिरवा नसला की वरून फोन येतो. पोराला वाचता येत नसलं तर कुणाचा फोन येत नाही."

अक्कोरू माझ्या शेजारी मुठी आवळून बसल्या होत्या. आयुष्यभराचा राग एकदम आला की माणूस ओरडत नाही, असं दिसलं. सचिव काहीतरी मोठं, गंभीर बोलण्यासाठी उभे राहू लागले. नीलगंगेनं हात वर करून त्यांना थांबवलं. आयएएस अधिकाऱ्याला तिनं हात वर करून बसवलं.

"एक राहिलाय, सर."

मग तो आवाज आला. बोलायलाच तयार नसलेली ती मुलगी. आधी नुसता श्वास, मागं कोंबडी, मग नीलगंगेचा प्रश्न: सरकारला तुला काही सांगायचंय का? सांग, मी वरपर्यंत पोचवते.

मुलगी म्हणाली,

"अक्कोरू, टॅब कुलपात ठेवतात त्या कपाटात आधी आमचा चेंडू असायचा. तो आतच राहिलाय. किल्ली मिळाली तर तेवढा काढून द्या की."